वाइटाला मनाई कोणी, कशी आणि कुठवर करावी : मायकल कुक यांच्या छोट्या पुस्तकाचे परीक्षण

इस्लाममधील ‘अम्र बिल मारूफ व नही अनिल मुनकर’, म्हणजे चांगल्याची आज्ञा देणे आणि वाइटाला मनाई करणे, या कर्तव्यावर प्रिन्स्टन विद्यापीठातील इतिहासकार मायकल कुक यांची दोन पुस्तके आहेत. पहिला ग्रंथ केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने २००० साली काढला. तो इतका जाडजूड आहे की विषयाचा व्यासंग असल्याशिवाय सहसा कोणी तो शेवटपर्यंत वाचत नाही. त्याच लेखकाने २००३ साली ‘फॉरबिडिंग राँग इन इस्लाम’ हे दोनशे पानांच्या आतले पुस्तक सर्वसामान्य वाचकासाठी लिहिले. हे परीक्षण त्या छोट्या पुस्तकाचे आहे. मोठ्या ग्रंथाचा उल्लेख तुलनेपुरताच येईल, कारण दोन्हींपैकी कोणते घ्यावे हा प्रश्न विकत घेणाऱ्याला पडतोच.

या कर्तव्याचे नाव आज बहुतेकांच्या कानावर पडते ते धार्मिक पोलिसांच्या बातम्यांमुळे. रस्त्यात कोणाला तरी अडवले, पेहरावावरून हटकले, वाद्य फोडले, असे काही घडले की त्याच्या समर्थनार्थ कुरआनातील वचने पुढे केली जातात, आणि ‘हे असेच असते’ असा निष्कर्ष काढून वाचक मोकळा होतो. कुक यांच्या पुस्तकाचे मोल असे की ते या निष्कर्षाला शांतपणे, कसलाही आव न आणता, सुरुंग लावते. हे कर्तव्य किती महत्त्वाचे आहे हे सांगण्यात मुस्लिम धर्मशास्त्रज्ञांनी जेवढी शाई खर्च केली, त्याहून अधिक ते कुठे लागू होत नाही हे ठरवण्यात केली, असे पुस्तक वाचताना जाणवत जाते. माझ्या मते या पुस्तकाची खरी कमाई हीच आहे.

मूळ आधार थोडक्यात सांगायला हवेत. कुरआनच्या तिसऱ्या अध्यायातील १०४ व्या वचनात, भलाईकडे बोलावणारा, चांगल्याची आज्ञा देणारा आणि वाइटाला मनाई करणारा एक समुदाय तुमच्यातून असावा, असे म्हटले आहे. नवव्या अध्यायातील ७१ वे वचन श्रद्धावान पुरुष आणि श्रद्धावान स्त्रिया या दोघांचेही हे लक्षण मानते. कुरआनातील ज्ञानी पुरुष लुकमान आपल्या मुलाला जो उपदेश करतात, त्यात नमाज कायम कर, चांगल्याची आज्ञा दे, वाइटाला मनाई कर आणि मग जे सोसावे लागेल ते धीराने सोस, असा क्रम येतो. या शेवटच्या सूचनेतच पुढच्या अनेक शतकांच्या चर्चेचे बीज आहे. याउलट पाचव्या अध्यायातील १०५ वे वचन सांगते की श्रद्धावंतांनी स्वतःची काळजी घ्यावी, आपण मार्गावर असलो तर भरकटलेला आपले काही बिघडवू शकत नाही. म्हणजे हटकण्याची जबाबदारी आणि हटकण्यापासून सुटका, दोन्हींना आधार एकाच ग्रंथात मिळतात, आणि भाष्यकारांना या दोहोंची सांगड घालत बसावे लागते.

हदीसपैकी, म्हणजे पैगंबर मुहम्मद यांच्या परंपरेने जपलेल्या वचनांपैकी, सर्वांत प्रसिद्ध वचन पैगंबरांचे सहकारी अबू सईद अल-खुद्री यांच्या नावावर ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात येते. तुमच्यापैकी कोणी वाईट पाहिले तर त्याने ते हाताने बदलावे, ते शक्य नसेल तर जिभेने, तेही शक्य नसेल तर अंतःकरणाने. आणि हा श्रद्धेचा सर्वांत दुबळा प्रकार होय. हे वचन कोणत्या प्रसंगी सांगितले गेले, तो भाग सहसा उद्धृत केला जात नाही. ईदच्या दिवशी नमाजाआधीच खुतबा, म्हणजे प्रवचन, देण्याची प्रथा उमय्या राजघराण्यातील मरवान याने पाडली, तेव्हा एका माणसाने उभे राहून त्याला भर सभेत टोकले. त्या माणसाने आपले कर्तव्य पार पाडले, असे म्हणून अबू सईद यांनी हे वचन ऐकवले. या कर्तव्याचे सर्वांत गाजलेले सूत्र ज्या प्रसंगाशी जोडलेले आहे, त्यात एक सामान्य माणूस सत्ताधाऱ्याला हटकतो आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवूनच पुस्तकातील राज्यसत्तेवरची दोन प्रकरणे वाचावीत.

पुस्तकाची रचना प्रश्नांवर बेतलेली आहे. वाइटाला मनाई कशी करायची, कोणत्या परिस्थितीत माणूस ती करू शकत नाही, खासगीपणाचे काय, या कर्तव्याच्या विरोधात कोणी आहे का, प्रत्यक्षात ते कसे दिसत असे, अशा प्रश्नांची जवळजवळ शीर्षकेच केली आहेत. विषय अवघड आणि परका वाटणाऱ्या वाचकाला ही पद्धत मानवते, कारण तिच्यामुळे कर्मकांडापेक्षा व्यवहार पुढे येतो. शेजारच्या घरातून वाद्याचा आवाज येतो आहे, वडीलच दारू पितात, हटकले तर मार पडेल, हटकणारा स्वतःच धुतल्या तांदळासारखा नाही, अशा पेचांत काय करावे, हे प्रश्न कोणत्याही समाजातल्या माणसाला कळतात.

या सगळ्याची पद्धतशीर मांडणी करणारा विचारवंत म्हणजे इमाम गझाली (मृत्यू ११११). त्यांच्या ‘इह्या उलूम अद्-दीन’ या ग्रंथाचे एक संपूर्ण प्रकरण या कर्तव्याला वाहिलेले आहे. त्यांनी हस्तक्षेपाच्या चढत्या पायऱ्या लावल्या. आधी वाईट घडते आहे हे कळणे, मग करणाऱ्याला ते वाईट असल्याचे सांगणे, मग सौम्य उपदेश, मग कठोर शब्द, मग स्वतःच्या हाताने ती वस्तू दूर करणे, मग धमकी, मग मारहाण, आणि शेवटी साथीदार जमवून शस्त्र उचलणे. खालच्या पायरीवर काम होत असेल तर वर चढायचे नाही. शेवटच्या पायरीलाही राज्यकर्त्याची परवानगी लागत नाही, असे गझालींनी सुचवले आणि नंतरच्या अनेकांना ते पचले नाही. इतक्या सावध माणसाने एवढे धाडसी मत नोंदवावे, याचे कोडे मला पुस्तक मिटल्यावरही सुटलेले नाही.

परिणाम आणि धोका यांचा गझालींनी मांडलेला हिशेब तर आजही कोणी वापरावा असा आहे. हटकून काही उपयोग होणार नाही आणि वर मार पडणार, अशी खात्री असेल तर कर्तव्य उरत नाही. उपयोग होणार आहे आणि धोकाही नाही, तेव्हा ते बंधनकारक. उपयोग नाही पण धोकाही नाही, तेव्हा बंधनकारक नसले तरी करणे चांगले. आणि उपयोग होईल पण आपल्याला इजा होईल, तेव्हा बंधन नाही, मात्र करणाऱ्याला श्रेय आहे. परंतु ही इजा आपल्याऐवजी आपल्या नातलगांना किंवा इतर कोणाला होणार असेल, तर पाऊलच उचलू नये. स्वतःच्या अंगावर संकट ओढवून घेण्याचा हक्क माणसाला आहे, दुसऱ्याच्या अंगावर ढकलण्याचा नाही. मुलाने वडिलांना हटकावे का, या प्रश्नावर गझाली सांगतात की मुलाने फक्त माहिती द्यावी आणि नम्रपणे समजवावे, शिवीगाळ, धमकी किंवा मारहाण करू नये. मात्र वडिलांचे वाद्य फोडले किंवा त्यांची दारू ओतून दिली तर चालेल. वडिलांच्या अंगाला हात लावायचा नाही, त्यांच्या वस्तूला लावला तर हरकत नाही, हा तोडगा वाचून हसू येते. पण त्यामागे माणूस आणि त्याचे कृत्य यांना वेगळे ठेवण्याची सुस्पष्ट दृष्टी आहे.

पुस्तकातील सर्वांत उत्तम प्रकरण खासगीपणावरचे आहे आणि केवळ त्याच्यासाठी हे पुस्तक घेतले तरी पैसे वसूल होतील. येथे दुसरे खलिफा उमर यांची एक प्रसिद्ध कथा येते. रात्री ते एका घराची भिंत चढून आत उतरतात आणि आतल्या माणसाला पाप करताना पकडतात. तो माणूस उत्तर देतो की मी एक गुन्हा केला असेल, पण तुम्ही तीन केलेत. हेरगिरी करू नका अशी ईश्वराची आज्ञा असताना तुम्ही हेरगिरी केलीत, घरात दारातून या अशी आज्ञा असताना भिंतीवरून आलात, आणि परवानगी घेऊन सलाम केल्याशिवाय परक्या घरात शिरू नका अशी आज्ञा असताना तसेच शिरलात. उमर त्याला सोडून देतात. ही कथा ऐतिहासिक आहे की नाही, हा मुद्दा येथे गौण आहे. स्वतः खलिफाला, आणि तोही उमर यांच्यासारख्या कडक शिस्तीच्या खलिफाला, एका पाप्याकडून कुरआनच्या तीन वचनांनिशी गप्प करणारी गोष्ट धर्मशास्त्रज्ञ पिढ्यान्‌पिढ्या आदराने सांगत राहिले, हे अधिक बोलके आहे.

या कथेच्या पाठीमागे बारकाव्यांचे मोठे जाळे आहे. पाप उघडपणे दिसले किंवा ऐकू आले तरच हस्तक्षेप करायचा. ते शोधून काढायला जायचे नाही. घराच्या भिंतीबाहेर गाण्याबजावण्याचा आणि दारुड्यांचा गोंगाट येत असेल तर तो उघड मानायचा, पण केवळ संशयावरून दाराला कान लावायचा नाही. एखाद्याने कपड्याखाली काही लपवून नेले म्हणून, तो माणूस बदनाम असला तरी, त्याचा कपडा उचकायचा नाही. सुन्नी धर्मशास्त्रज्ञ अहमद इब्न हंबल (मृत्यू ८५५) यांना लोकांनी विचारलेले असे कितीतरी प्रश्न त्यांच्या शिष्यांनी जपले आहेत. वस्तू झाकलेली असेल तर उघडून पाहू नये आणि शेजाऱ्याची तक्रार घेऊन सत्ताधाऱ्यांकडे जाऊ नये, कारण ते प्रमाणाबाहेर शिक्षा करतील, असा त्यांचा कल दिसतो. आज ज्या हंबली परंपरेचे नाव कडकपणाशी जोडले जाते, तिच्याच प्रवर्तकाचा हा सावधपणा वाचकाला थोडा वेळ थांबायला लावतो. लपवलेले पाप करणाऱ्यापुरतेच नुकसान करते, उघड पाप मात्र समाजाला लागते, अशी त्यामागची धारणा आहे. या धारणेला आजच्या खासगीपणाच्या हक्काशी सरळ जुळवण्याचा मोह लेखक आवरतो आणि ते योग्यच आहे. इथे रक्षण होते ते झाकलेपणाचे. घरात वाटेल ते करण्याचा हक्क येथे कोणी मान्य केलेला नाही.

राज्यसत्तेवरची दोन प्रकरणे जोडीने वाचावीत. एका प्रकरणात राज्यसत्ता हे कर्तव्य बजावणारी आहे, दुसऱ्यात तीच वाईट करणारी आहे. हात राज्यकर्त्यांचा, जीभ उलेमांची, म्हणजे धर्मपंडितांची, आणि अंतःकरण सामान्य जनांचे, अशी कामाची वाटणी करणारे एक मत परंपरेत आहे. राज्यकर्त्यांना ते सोयीचे वाटले असणार हे उघड आहे. शासनाने नेमलेला मुहतसिब, म्हणजे बाजारातील वजनमापांपासून सार्वजनिक शिस्तीपर्यंत लक्ष ठेवणारा अधिकारी, आणि स्वेच्छेने हे काम करणारा माणूस यांच्यात कायदेपंडित मावर्दी (मृत्यू १०५८) यांनी नऊ फरक सांगितले. उलट बाजूला, जुलमी सत्ताधाऱ्यासमोर न्यायाचा शब्द उच्चारणे हा सर्वश्रेष्ठ जिहाद होय, हे हदीस आहे. या दोन टोकांमध्ये बहुतेक धर्मशास्त्रज्ञ उभे आहेत. राज्यकर्त्याला सांगावे, समजवावे, पण त्याच्यावर शस्त्र उचलू नये, कारण त्यातून होणारी अनागोंदी मूळ वाइटाहून वाईट असते, असा त्यांचा सूर आहे.

कुक यांना विशेष जवळची वाटणारी मध्य आशियातील मर्व शहरातील सोनाराची कथा याच संदर्भात येते. खुरासानचा सत्ताधीश अबू मुस्लिम याच्यासमोर इब्राहीम अस्-साइग नावाचा सोनार वारंवार जाऊन त्याला तोंडावर सुनावत असे आणि अखेर त्याला ठार करण्यात आले. हा आठव्या शतकाच्या मध्याचा प्रसंग आहे. त्याआधी या सोनाराने थोर कायदेपंडित अबू हनीफा (मृत्यू ७६७) यांच्याशी या कर्तव्याविषयी चर्चा केली होती. हे कर्तव्य ईश्वराने घातलेले आहे, हे अबू हनीफांनी मान्य केले. पण एकट्या माणसाने ते अंगावर घेतले तर तो फुकट मरेल आणि लोकांचे काहीच भले होणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. सोनाराच्या हत्येची बातमी कळल्यावर अबू हनीफा रडले, असेही परंपरा सांगते. हुतात्मा आणि कायदेपंडित यांच्यातला हा ताण लेखकाने कोणाचीही बाजू न घेता उभा केला आहे. त्याचा तटस्थपणा इतरत्र कधीकधी कोरडा वाटतो, येथे मात्र तो शोभतो.

पंथभेदांचा भाग वाचक पटकन ओलांडू शकतो. बुद्धीला मोठे स्थान देणाऱ्या मुअतझिली पंथाच्या विचारवंतांनी हे कर्तव्य आपल्या पाच मूलतत्त्वांत गणले आणि ते बुद्धीने कळते की केवळ ईश्वरी वचनाने, यावर अबू अली अल-जुब्बाई आणि त्यांचा मुलगा अबू हाशिम यांच्यात मतभेद झाला. शियांपैकी झैदी शाखेने अन्यायी राज्यकर्त्याविरुद्ध उठावाला जागा ठेवली. पैगंबरांच्या घराण्यातील बारा इमामांना, म्हणजे धर्मनेत्यांना, मानणाऱ्या बारा इमामी शियांमध्ये इजा किंवा हत्या करण्यासाठी इमामाची परवानगी हवी का, हा वाद शतकानुशतके चालला.

पुस्तकाविषयी माझी पहिली तक्रार याच ठिकाणी सुरू होते. विषयवार मांडणीमुळे नवव्या शतकातील बगदादचा प्रश्न आणि अठराव्या शतकातील दमास्कसचे उत्तर एकाच परिच्छेदात शेजारी बसतात. वाचकाला सगळे धर्मशास्त्रज्ञ जणू एकाच ओसरीवर गप्पा मारत बसले आहेत, असे वाटू लागते. दमास्कसचे धर्मशास्त्रज्ञ अब्दुल गनी अन्-नाबुलुसी (मृत्यू १७३१) यांनी लोकांची पापे उकरून काढणाऱ्या कर्मठांवर जी टीका केली, तिला त्या काळच्या उस्मानी साम्राज्यातील शुद्धतावादी चळवळीची पार्श्वभूमी आहे. ती अधिक ठळक केली असती तर टीकेची धार वाचकाला कळली असती. मोठ्या ग्रंथात प्रत्येक विचारधारेचा इतिहास क्रमाने येत असल्याने हा दोष तिथे जाणवत नाही.

प्रत्यक्षात हे कर्तव्य कसे पाळले गेले, यावरचे प्रकरण मला अपुरे वाटले. दहाव्या शतकात बगदादमध्ये हंबली उपदेशक बर्बहारी यांच्या अनुयायांनी घरांत शिरून दारू ओतणे, वाद्ये फोडणे आणि रस्त्यात स्त्री-पुरुषांना अडवून जाब विचारणे सुरू केले, तेव्हा ९३५ साली खलिफा अर्-राझी यांना हंबलींविरुद्ध फर्मान काढावे लागले. ग्रंथांत भिंत चढायला मनाई असताना गल्लीत मात्र दारे तोडली जात होती, हा विरोधाभास अख्ख्या पुस्तकाच्या मध्यभागी असायला हवा होता. शास्त्राने घातलेल्या मर्यादा रस्त्यावर कितपत पाळल्या गेल्या, हे कळल्याशिवाय त्या मर्यादांचे वजन ठरत नाही. लेखक मूलतः ग्रंथांचा अभ्यासक आहे, आणि ज्याला हटकले गेले त्याची बाजू ग्रंथांत क्वचितच येते, हे मान्य करूनही ही उणीव राहतेच. स्त्रियांविषयीही तसेच म्हणता येईल. कुरआनचे वचन त्यांना या कर्तव्यात सामील करते, हातात चाबूक घेऊन बाजारात फिरणाऱ्या समरा बिन्त नुहैक यांची आठवण परंपरा सांगते, तरीही अनेक पंडित स्त्रियांना या कामापासून दूर ठेवू पाहतात. हा धागा आणखी ओढायला हवा होता.

आधुनिक काळावरची प्रकरणे जपून वाचावीत. सुन्नी बाजूला व्यक्तीऐवजी संघटना पुढे येणे आणि शिया बाजूला धोका असेल तर गप्प बसण्याची जुनी सवलत आक्रसत जाणे, ही दोन निरीक्षणे पक्की आहेत. धर्माचा पायाच धोक्यात असेल तर जीवाच्या भीतीने गप्प बसता येणार नाही, अशी भूमिका इराणचे धर्मनेते खोमेनी यांनी घेतली, आणि १९७९ च्या इराणी राज्यघटनेच्या आठव्या कलमात हे कर्तव्य लोकांचे एकमेकांप्रति, शासनाचे लोकांप्रति आणि लोकांचे शासनाप्रति असे तिहेरी मांडले गेले. या तिसऱ्या अंगाचे पुढे काय झाले, याचे उत्तर २००३ च्या पुस्तकात शोधणे अन्याय्य ठरेल. त्यानंतर २०१६ मध्ये सौदी अरेबियाने आपल्या धार्मिक पोलिसांकडून अटकेचा अधिकार काढून घेतला, सप्टेंबर २०२२ मध्ये पेहरावाच्या नियमावरून पकडल्या गेलेल्या महसा अमिनी यांच्या कोठडीतील मृत्यूने इराण पेटला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अफगाणिस्तानात तालिबानने याच कर्तव्याच्या नावाने ३५ कलमांचा कायदा जाहीर केला. यांतले काहीही या पुस्तकात नाही. पण हे पुस्तक हाताशी ठेवून त्या बातम्या वाचल्या, तर नेमलेल्या अधिकाऱ्याने घर, कपडे आणि आवाज यांवर पाळत ठेवणे परंपरेतील कोणत्या मतांना धरून आहे आणि कोणत्या मतांना डावलून, हे वाचकाला स्वतःच तपासता येते. जुने झालेले पुस्तक अजूनही उपयोगी आहे ते यामुळे.

शेवटी लेखक इतर संस्कृतींकडे वळतो. यहुदी परंपरेतील शेजाऱ्याची कानउघाडणी आणि मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ थॉमस अॅक्वायनस यांनी मांडलेले बंधुभावाने सुधारण्याचे कर्तव्य ही इस्लामी चर्चेला जवळची उदाहरणे आहेत. आधुनिक पाश्चात्त्य समाजाशी केलेली तुलना मात्र अधिक तीक्ष्ण आहे. मोठ्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच कुक १९८८ साली शिकागोच्या एका रेल्वे स्थानकात, वर्दळीच्या वेळी, एका स्त्रीवर झालेल्या बलात्काराचा आणि बघत राहिलेल्या लोकांचा प्रसंग सांगतात. तिला वाचवायला हवे होते, याविषयी कोणालाच शंका नाही. पण पाश्चात्त्य विचार हे कर्तव्य बळीला वाचवण्याच्या अंगाने पाहतो, तर इस्लामी विचार दुष्कृत्य थांबवण्याच्या अंगाने. त्यामुळे ज्यात कोणी बळीच नाही अशी कृत्येही इस्लामी कर्तव्याच्या कक्षेत येतात, आणि दुसरीकडे, अनोळखी माणसाने मध्ये पडावे का, कधी, किती आणि कोणत्या क्रमाने, याचा जेवढा तपशीलवार विचार मुस्लिम पंडितांनी केला, तेवढा पाश्चात्त्य विचारवंतांनी केलेला नाही. हा मुद्दा मला पटतो. खटकते ते एवढेच की येथे वाचक पाश्चात्त्यच असणार असे गृहीत धरले आहे. जो त्या समाजातला नाही, त्याला तुलनेतील एक बाजू स्वतःच्या समाजाच्या अनुभवाने भरून काढावी लागते.

इंग्रजी सुबोध आहे, वाक्ये आटोपशीर आहेत आणि अधूनमधून मिश्कील शेरेही सापडतात. अरबी नावांची गर्दी पहिल्या काही प्रकरणांत त्रास देते, म्हणून नाव, शतक आणि पंथ यांची एक यादी वाचताना स्वतःच करत जावी. विषय नव्याने समजून घेणाऱ्याने, विद्यार्थ्याने किंवा बातमीदाराने छोटे पुस्तकच घ्यावे आणि खासगीपणाच्या प्रकरणापासून सुरुवात करून मग मागे यावे. संशोधकाला आणि ज्याला प्रत्येक विधानाचा पुरावा तपासायचा आहे त्याला मोठ्या ग्रंथाला पर्याय नाही. तो सलग न वाचता संदर्भासाठी जवळ ठेवावा. आणि दोन्हींपैकी काहीही वाचले तरी गझालींचे मूळ प्रकरण अनुवादातून वाचायचे टाळू नये, कारण कुक यांनी त्याचा सांगाडा चोख मांडला असला तरी पाप करणाऱ्याशी कसे बोलावे हे शिकवताना गझालींच्या आवाजात येणारा मऊपणा त्या सांगाड्यात उतरलेला नाही.